वरकस विकली, आता गुरचरणावर डोळा. ढोरं चरायची कुठं?

संध्याकाळी उलवे, खारघर, तळोजा कुठूनही या, रस्त्याच्या दुभाजकावर दोन-चार गाया उभ्या दिसतातच. तिथलं शोभेचं गवत खातात, नाहीतर कचराकुंडीत तोंड घालतात. "मोकाट जनावरांचा उपद्रव" अशी बातमी होते. मीही तीन-चार वेळा पाठवली आहे. पण ही ढोरं पूर्वी कुठं चरत होती, ते त्या बातमीत कधी येत नाही.

1970 साली सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या. भाताच्या खाचरांसाठी आपली माणसं लढली, जानेवारी 1984 मध्ये पाच जणांनी जीव दिला, पुढं साडेबारा टक्के मिळाले. लढा खराच होता. पण मोबदल्याचं बोलणं एकराचं आणि भूखंडाचं, गवताला त्यात भावच नव्हता. मिठागराच्या बांधावरची, माळावरची, डोंगरउतारावरची चराई गेली ती कुणी मोजली नाही.

शहराबाहेर जे झालं त्याचा दोष मात्र सिडकोवर टाकता येणार नाही. पनवेल, कर्जत, खालापूरकडं प्रत्येक भातखाचरामागं थोडी वरकस असायची. तिच्यात नाचणी-वरी व्हायची आणि उरलेल्या भागात गवत. राबाचा पालापाचोळाही तिथूनच यायचा. भात पिकत नाही म्हणून आपण ती पडीक समजलो आणि फार्महाऊसवाल्यांना आधी तीच विकली. आमच्या घरची अडीच एकर 2009 साली गेली, सह्या करणाऱ्यांत मीही होतो. पैशातून घराचा स्लॅब पडला. गवत मात्र त्या वर्षापासून विकत. दोन गाया होत्या, आता एकच आहे.

निदान पेंढा तरी घरचा होता. आता मजूर मिळत नाहीत म्हणून कापणीला मशीन येतं. भात एका दिवसात घरात, पण पेंढ्याचे तुकडे शेतात पसरतात, ते गोळा करून उडवी रचायला पुन्हा माणसं लागतात. बरेच जण पेटवून देतात.

राहता राहिलं गुरचरण. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही गायरानांचा विषय स्वतःहून हातात घेतला. कायदा गुरचरणाच्या बाजूने आहे. पण 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि आजूबाजूच्या जमिनीचे आकडे ऐकून आपल्याच गावात लोक म्हणायला लागले, "त्या माळावर काय उगवतं?"

खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नाही. पावसाळ्यात जाऊन बघा. टाकळा आणि रानमोडी, ढोर तोंड लावत नाही. पहिल्या पावसाला कोवळा कोंब वर येतो तेव्हाच सगळ्या गावची ढोरं त्यावर. चांगलं गवत मुळातून संपतं आणि न खाल्लेलं तण माजतं. जे वाचलं ते उन्हाळ्याआधी वणव्यात जातं. राख झाली की गवत जोरात येतं हा समज सोडा. दरवर्षी जाळलेल्या उतारावरची माती पहिल्या मोठ्या पावसात खाली येते.

गवताला विसावा लागतो. फ्रान्समधल्या आंद्रे व्वाझाँ या शेतकरी-अभ्यासकाने 1950 च्या दशकात हेच मांडलं. ढोरं किती हे तर बघायचंच, पण एका जागी ती किती दिवस राहतात आणि परत किती दिवसांनी येतात, यावर कुरण ठरतं. नगरकडच्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या काळात डोंगरावर चराईबंदी केली, विळ्याने कापून न्यायला मुभा ठेवली. तिथं पाऊस आपल्या पासंगालाही पुरत नाही, तरी गवत आलं.

आपल्याकडं पूर्ण बंदी चालणार नाही. कातकरी वाडीतल्या माणसाच्या चार शेळ्या असतात, शेत नसतं. बंदीचा पहिला फटका त्यालाच. म्हणून गुरचरणाचे चार तुकडे करावेत, दरवर्षी एकच बंद ठेवावा. बंद तुकड्यातलं गवत कापायचा पहिला हक्क बिनशेतीवाल्यांना द्यावा. कापणी फुलोऱ्यात झाली तर चाऱ्यात कस राहतो. आपण भात उरकून दिवाळीनंतर जातो तेव्हा काड्याच हातात येतात. अडचण अशी की फुलोऱ्याच्या दिवसांत भातही तयार होत असतं आणि पाऊसही गेलेला नसतो. तेव्हा निदान अर्धं तरी ओलं कापून रोज खाऊ घालावं, बी पडायला थोडं उभं सोडावं. डिसेंबरात कडेने जाळपट्टा काढायला दहा माणसांचा एक दिवस पुरतो.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्याकडं गुरचरणाचा विषय येणार आहे, आणि तो चराईसाठी येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्याकडंही आला तर हात वर करण्याआधी तलाठ्याकडं दोन कागद मागा. गुरचरणाच्या गटाचा सातबारा आणि अतिक्रमणांची नोंदवही, म्हणजे गाव नमुना 1-ई. आमच्या गावात ते मागायला आम्ही पाच जण सोमवारी जातोय.