दप्तरांत राहून गेलेलें शौर्य

आम्ही शाळेंत होतों तेव्हां जनरल रजिस्टर नांवाचें एक जाड पुस्तक आमच्या स्वाधीन असे. मुलाचें नांव, बापाचें नांव, जन्मतारीख हें त्यांत एकदां चढलें म्हणजे तें ब्रह्मलिखित! एका मुलाची जन्मतारीख आमच्या आधींच्या कोणा कारकुनानें दोन वर्षें अलीकडची लिहून ठेविली होती. मुलगा मोठा झाला, नोकरीसाठीं अर्ज करूं लागला, आणि त्याचें वय कमी भरलें. त्याची आई आमच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली व म्हणाली, "मास्तर, जन्म मीं दिला, तारीख मला ठाऊक नसेल का?" आम्ही निरुत्तर झालों. परंतु कचेरीच्या दृष्टीनें आईच्या साक्षीपेक्षां रजिस्टरची साक्ष मोठी. जन्मनोंदीचा उतारा आला, वरिष्ठांचा हुकूम आला, तेव्हां कोठें आम्हीं जुन्या तारखेवर तांबड्या शाईची एक रेघ ओढली व शेजारीं खरी तारीख लिहिली. तोंपर्यंत भरतीची मुदत उलटून गेली होती.

गेल्या महिन्यांत एका अमेरिकन शिपायाची हकीगत वाचनांत आली आणि ती तांबडी रेघ पुन्हां डोळ्यांपुढें उभी राहिली.

हेन्री जॉन्सन हा कृष्णवर्णीय गृहस्थ न्यूयॉर्क राज्यांतील आल्बनी शहराच्या स्टेशनावर हमाली करीत असे. उंची अवघी ५ फूट ४ इंच. १९१७ सालीं तो सैन्यांत शिरला. त्याची पलटण कृष्णवर्णीयांची. तिला आपल्या गोऱ्या पलटणींच्या खांद्याशीं खांदा लावून लढूं देण्यास अमेरिकन लष्कर नाखूष, म्हणून ती फ्रेंच सेनेच्या हवालीं करण्यांत आली. १५ मे १९१८ रोजीं मध्यरात्रीनंतर, फ्रान्समधील आर्गोनच्या अरण्याजवळ, जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स हे दोघे पहाऱ्यावर असतां जर्मनांची दहाबाराजणांची, किंबहुना त्याहून मोठी, टोळी चालून आली. रॉबर्ट्स जखमी होऊन पडला व शत्रु त्यास उचलून नेऊं लागले. जॉन्सनची बंदूक ऐन वेळीं अडकली. त्यानें तिचा दस्ता सोट्यासारखा चालविला; मग कमरेचा सुरा उपसला, एकट्यानें त्या टोळीवर झडप घातली आणि सोबत्यास सोडवून आणलें. त्याच्या अंगावर २१ जखमा मोजल्या गेल्या.

फ्रेंच सरकारनें त्यास 'क्र्वा द गेर' हें पदक सोनेरी पर्णचिन्हासह दिलें. पुढें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या त्याच नांवाच्या पुत्रानें त्या युद्धांतील सर्वांत शूर अशा पांच अमेरिकनांत त्याची गणना केली. फेब्रुवारी १९१९ मध्यें न्यूयॉर्कच्या हमरस्त्यावरून त्याच्या पलटणीची मिरवणूक निघाली, तेव्हां लोकांनीं त्याचा जयजयकार केला. आणि त्याच्या स्वतःच्या सरकारनें? एकहि पदक नाहीं. त्याच्या सेवामुक्तीच्या कागदावर जखमांचा उल्लेखसुद्धां नव्हता, असें त्याचे चरित्रकार सांगतात. जायबंदी पायानें हमाली पुन्हां जमेना. जुलै १९२९ मध्यें तो वारला.

वाचकांस वाटेल कीं, पदक म्हणजे छातीवरचा एक दागिना. नसला म्हणून काय बिघडलें? तिकडची व्यवस्था पाहिली म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. अमेरिकेंत नोकरींतून सुटणाऱ्या सैनिकास एक दाखला मिळतो. १९५० पासून त्यास 'डीडी २१४' म्हणतात. किती वर्षें, कोठें, कोणत्या कामावर आणि कोणत्या पदकांसह नोकरी केली हें सारें त्यांत असतें. औषधोपचार, घरासाठीं कर्ज, मृत्यूनंतर लष्करी इतमाम, प्रत्येक ठिकाणीं तो पुढें करावा लागतो. सैनिक मेला, त्याचे सोबती मेले, म्हणजे त्या माणसाविषयीं बोलणारा साक्षीदार तो कागद एवढाच उरतो. त्यांत एखादें पदक राहून गेलें असल्यास मूळ कागदावर खाडाखोड करीत नाहींत. 'डीडी २१५' या नांवाचें दुरुस्तीपत्र निराळें काढून त्यास जोडतात. आमच्या जुन्या पोथ्यांत लेखकाकडून एखादें अक्षर गळलें म्हणजे त्या जागीं कावळ्याच्या पायासारखी खूण, म्हणजे काकपद, करून गळलेलें अक्षर समासांत लिहीत. नको असलेल्या अक्षरांवर हरताळ फासण्याची तऱ्हा निराळी. 'डीडी २१५' हें काकपद आहे, हरताळ नव्हे. आम्हांस ही पद्धत फार आवडली. कारण पूर्वीं चूक झाली होती ही गोष्टहि त्यांत टिकून राहते.

पदकें गळतात कशीं? पुष्कळदां त्यांत कोणाचीच लबाडी नसते. दुसरें महायुद्ध संपतांच लाखों माणसें एकदम घरच्या वाटेला लागलीं. टंकलेखकांनीं घाईंत जें सुचलें तें उतरविलें. कांहीं मान तर सैनिक घरीं पोंचल्यावर ठरले. पायदळांतील प्रत्यक्ष लढलेल्यांस निळ्या पट्टीवर रुपेरी बंदूक असलेला एक बिल्ला मिळे. ज्यांस तो त्या युद्धांत मिळाला त्यांना 'ब्राँझ स्टार' हें पदकहि द्यावें, असा निर्णय १९४७ सालीं झाला. युद्धकैद्यांचें पदक तर १९८५ सालीं निर्माण झालें आणि १९१७ पासूनच्या कैद्यांस लागू झालें. दाखला १९४५ चा. त्यांत हीं पदकें येणार कोठून? अर्ज करावयास हवा, आणि अर्ज करतां येतो हेंच कित्येकांच्या गांवीं नसे. आजोबा गेल्यावर ट्रंकेच्या तळाशीं तो निळा बिल्ला सांपडतो, आणि नातवंडें पत्रव्यवहारास लागतात.

त्यांत अग्नीनें भर घातली. १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई येथील लष्करी दप्तरखान्याच्या सहाव्या मजल्यावर आग लागली आणि ती चार दिवसांहून अधिक धुमसत राहिली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख दप्तरें नष्ट झालीं. १९१२ ते १९६० या काळांत भूदलांतून सुटलेल्यांपैकीं शेंकडा ८० जणांचे कागद गेले. नक्कल कोठेंच ठेविली नव्हती! जे गठ्ठे केवळ भिजले होते ते एका विमान-कारखान्याच्या निर्वात दालनांत सुकविण्यांत आले. ज्याचें दप्तर जळालें त्याचा वृत्तांत आतां पगाराच्या अखेरच्या पावतीवरून, पलटणीच्या रोजच्या हजेरीवरून आणि इस्पितळाच्या नोंदींवरून जुळवावा लागतो. ज्यांनीं पुण्यास भांडारकर संस्थेंत महाभारताच्या पोथ्या पाठ ताडून लावल्या त्यांस ही विद्या ओळखीची वाटली असती.

गोष्ट वादाची असेल तर ती दुरुस्ती-मंडळापुढें जाते. १९४६ पूर्वीं अशा एकेका प्रकरणासाठीं कायदेमंडळांत स्वतंत्र विधेयक आणावें लागे. त्या वर्षींच्या कायद्यानें तें काम लष्करी खात्यांकडे आलें. चूक कळल्यापासून ३ वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, पण न्यायास आवश्यक दिसल्यास ती मुदत माफ करतां येते. एवढें एक वाक्य आमच्या त्या भरतीच्या नियमांत असतें तर!

जॉन्सनचें प्रकरण मात्र याहूनहि बिकट होतें. कारण तेथें नुसतें गळलेलें अक्षर नव्हतें, तें मुळांत कोणीं लिहिलेंच नव्हतें. जखमी सैनिकांस देण्याचें 'पर्पल हार्ट' हें पदक आजच्या स्वरूपांत १९३२ पासूनचें, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरचें. तें त्यास १९९६ सालीं मिळालें. २००२ सालीं दुसऱ्या क्रमांकाचें शौर्यपदक मिळालें. सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर'साठीं त्या काळच्या लेखी पुराव्याची आवश्यकता होती. तो २०११ सालीं सेनेटर चार्ल्स शूमर यांच्या कचेरींतील मंडळींच्या हातीं आला. तो होता, लढाईनंतर थोड्याच दिवसांत सेनापति पर्शिंग यांनीं पाठविलेला त्या रात्रीचा वृत्तांत. कागद नव्वदांहून अधिक वर्षें होता तेथेंच होता. तो शोधण्याची गरज कोणास वाटली नव्हती, एवढेंच. कायदेमंडळानें मुदत माफ केली, आणि २ जून २०१५ रोजीं अध्यक्ष ओबामा यांनीं तें पदक जाहीर समारंभांत दिलें. त्याच दिवशीं विल्यम शेमिन या यहुदी सार्जंटाच्या १९१८ मधील पराक्रमाचाहि तसाच मान झाला. त्याच्या कन्येनें त्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली होती.

जॉन्सनसाठींहि एक गृहस्थ अनेक वर्षें झटला. तो स्वतः दुसऱ्या महायुद्धांत कृष्णवर्णीय वैमानिकांच्या पथकांत होता, आणि जॉन्सन हा आपला पिता अशी त्याची जन्मभराची समजूत होती. बाप बेवारशासारखा कोठें तरी पुरला गेला असावा असें त्यास वाटे; पण तपास होतां होतां कळलें कीं, त्याची कबर आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमींत आहे, आणि तेथें त्याचें नांव 'विल्यम हेन्री जॉन्सन' असें नोंदलेलें आहे. २००४ सालीं हा गृहस्थ वारला. पुढें सर्वोच्च पदकाचा समारंभ ठरला तेव्हां लष्करानें रीतीप्रमाणें वंशावळीचे कागद तपासले, आणि त्यांवरून असें निष्पन्न झालें कीं, या दोघांचें रक्ताचें कांहींच नातें नव्हतें. ज्या दप्तरशोधनानें हेन्री जॉन्सनचें देणें फिटलें त्याच शोधनानें त्याचा पुत्र नाहींसा केला. त्या घरच्या माणसांना ती बातमी ऐकून काय वाटलें असेल, याचा विचार करीत आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलों होतों.

समारंभाच्या दिवशीं पदक घेण्यास जॉन्सनच्या रक्ताचें कोणीच पुढें येणारें नव्हतें. न्यूयॉर्कच्या नॅशनल गार्डमधील एका सार्जंट-मेजरानें तें त्याच्या वतीनें स्वीकारलें.