परका कैवारी हवाच

‘पोटचा मुलगा जवळ असतां म्हाताऱ्याच्या वतीनें बोलण्यास परका मनुष्य हवा कशाला?’ हा प्रश्न आमच्या सुविद्य कुटुंबांतून अशा ठसक्यानें विचारला जातो कीं, त्यास उत्तर देणें म्हणजे मुलांच्या पितृभक्तीवर शिंतोडे उडविणें असें वाटावें. तरीहि आम्हांस तें उत्तर द्यावयाचें आहे. राहत्या घराचें काय करावयाचें, या प्रश्नांत मुलगा कितीहि प्रेमळ असला तरी तो एक पक्ष आहे. आणि एका पक्षानेंच दुसऱ्याची बाजू मांडावी, हें कोणत्या न्यायांत बसतें?

अर्धांगवायूनें जीभ जड झालेले, पण बुद्धि शाबूत असलेले गृहस्थ खुर्चीवर बसलेले असतात. बँकेंतील कारकून त्यांच्याकडे न पाहतां मुलालाच विचारतो, ‘यांना काय हवंय?’ मुलगा सांगतो, ‘बाबांना आतां कांहीं कळत नाहीं.’ त्या एका वाक्यानें जिवंत माणसाचें मत संपतें, आणि तें बोलणारा बहुधा दुष्टहि नसतो. हीच तर खरी अडचण!

2007 सालीं ज्येष्ठांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा झाला. वृद्धाचा अर्ज प्रांताच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढें चालावा, वकिलास तेथें मज्जाव असावा, आणि आईबापांची इच्छा असल्यास निर्वाह-अधिकाऱ्यानें त्यांच्या वतीनें बोलावें, अशी त्याची योजना. हेतु स्तुत्य. पण हा निर्वाह-अधिकारी कोण? जिल्ह्याचा समाजकल्याण अधिकारी किंवा त्याहून खालच्या दर्जाचा नसलेला अंमलदार! निवाडा देणारा सरकारचा, कैवार घेणाराहि सरकारचाच. पुढें 2021 सालीं केरळ उच्च न्यायालयानें वकिलांवरील मज्जाव अवैध ठरविला. तें योग्यच झालें. परंतु वकिलास पैसा लागतो, आणि पैसा हातीं उरला नाहीं म्हणून तर हा अर्ज!

दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या 2016 च्या कायद्यानें मात्र मर्म ओळखलें आहे. पैशाच्या किंवा मिळकतीच्या ज्या व्यवहारांत आधार देणाऱ्याचें व घेणाऱ्याचें हित परस्परविरुद्ध असेल, तेथें आधार देणाऱ्यानें दूर व्हावें, असें त्याचें तेरावें कलम सांगतें. दूर व्हावें, ठीक. पण मग जवळ कोणीं यावें?

इंग्लंडनें याचें उत्तर 2014 च्या केअर ॲक्टांत दिलें आहे. एखाद्याच्या शुश्रूषेची गरज ठरवितांना त्यास माहिती समजण्यास किंवा आपलें मत सांगण्यास फार अडचण पडत असेल, आणि योग्य असें आपलें माणूस नसेल, तर स्वतंत्र कैवारी नेमणें हें स्थानिक संस्थेचें कर्तव्य आहे. पगारी सेवकास ‘आपलें माणूस’ म्हणून चालत नाहीं. नातेवाईक चालतो, पण संमति देण्याची समज ज्याची शाबूत आहे त्यानें स्वतः होकार दिला तरच! तेथें सर्व आलबेल आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण आमच्या 2007 च्या कायद्यांत असमर्थ वृद्धासाठीं दुसऱ्या व्यक्तीस किंवा संस्थेस अर्ज करण्याची केवळ मुभा आहे. ती कोणाचीहि जबाबदारी नाहीं.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक प्रांत कचेरींत नोंदलेल्या संस्थांतील कैवाऱ्यांची यादी असावी. त्यांचा प्रवासखर्च सरकारनें द्यावा, पण हुकूम कोणाचा चालूं नये. आणि वृद्धाशीं त्यांची पहिली भेट मुलगा, सून व अधिकारी यांपैकीं कोणीहि खोलींत नसतां व्हावी.