गळालेले ‘म्हणे’

कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीकाठच्या बराकपूर छावणीत ६ फेब्रुवारी १८५७ रोजी एक चौकशी-न्यायालय बसले होते. एन्फील्ड बंदुकीच्या नव्या काडतुसांचा कागद शिपायांस संशयास्पद वाटत होता. जाळला असता तो चरचरतो व त्यास चरबीचा वास येतो, असे तेथे सांगण्यात आले. न्यायालयाने तो कागद एका शिपायासमोर जाळून दाखविला. आता वास येत नाही, हे त्याने मान्य केले. तथापि आक्षेप सोडला नाही, कारण त्या चकचकीत कागदाविषयी सर्वांचेच मन साशंक होते.

ह्या शिपायास हसणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. काडतुसांच्या वंगणातील चरबी कोणत्या जनावराची, ह्याची खबरदारी खुद्द अधिकाऱ्यांनीच घेतली नव्हती. चरबी कशाची, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. ती तोंडास लागल्याने धर्म बुडतो, ही श्रद्धा. आणि सरकार तो हेतुपुरस्सर बुडवीत आहे, हे मत. पहिल्याचा निर्णय परीक्षेने होतो, तिसऱ्यास पुरावा मागता येतो, दुसऱ्याचे क्षेत्रच निराळे. बराकपुरात ह्या तिन्हींचा एकच पीळ झाला. २९ मार्च रोजी मंगल पांडे यांनी तेथे शस्त्र उचलले व ८ एप्रिल रोजी त्यांस फाशी झाली. (त्या उठावाची कारणे केवळ काडतुसांत नव्हती, हे निराळे सांगावयास नको.)

ऐकीव वार्ता ओळखण्याची एक सोय मराठीत आहे: वाक्याच्या शेवटी आपण ‘म्हणे’ जोडतो. ‘मुले पळविणारी टोळी आली आहे म्हणे.’ मोबाइलवर तीच वार्ता पुढे धाडताना नेमका हा शब्द गळतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांस ठार मारले.

माझ्या मते ह्याचे शिक्षण विज्ञानाच्या तासाइतकेच मराठीच्या तासासही द्यावे. मुलांनी इंटरनेटवर वाचलेला एखादा मजकूर फळ्यावर लिहावा आणि कोणत्या वाक्यास ‘म्हणे’, कोणत्यास ‘मला वाटते’ व कोणत्यास ‘आम्ही मानतो’ जोडावे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. आजीच्या उपवासास खोटे ठरविण्याचे येथे कारण नाही. उपवासाने अमुक रोग बरा होतो, असे कोणी म्हटले तर मात्र परीक्षा हवी. जी वाक्ये उरतील त्यांस विचारावे: कोणी पाहिले, कोठे, केव्हा? छायाचित्र त्याच गावचे कशावरून? पाठ्यपुस्तकातील वाक्येही ह्यातून वगळू नयेत, आणि प्रस्तुत पुस्तिकेतीलही.