पुढच्या वर्षी काय घेणार?

मराठी घरात गणिताला मान मोठा. पण तो दुरून. मुलगा गणित घेऊन बी.एस्सी. करतो आहे असे कळले, की पाहुणे 'हुशार दिसतो' म्हणतात आणि लाडू संपायच्या आत विचारतात, 'पण पुढे काय?' या 'पुढे काय'चे ओझे विद्यार्थ्याच्या खांद्यावर खरोखर पडते, ते पुढच्या वर्षाचे विषय निवडायच्या दिवशी. पूर्वी हा अर्ज कागदावर भरीत, हल्ली पडद्यावर भरतात, इतकाच फरक. विश्लेषण आणि बीजगणित बहुधा सक्तीचेच. पण त्यांच्या जोडीला संख्यासिद्धांत घ्यावा की संभाव्यता, आलेखसिद्धांत की संख्याशास्त्र? 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय, दुय्यम विषय अशी पंगतच मांडून ठेवली आहे. पानात काय वाढून घ्यावे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

मी मराठीचा अध्यापक. माझे गणित वाण्याच्या हिशेबापाशी थांबते. पण अध्यापक-कक्षात माझ्या शेजारची खुर्ची गणिताच्या प्राध्यापकांची आहे. ते म्हणतात, मुले तीनच प्रश्न विचारतात. गुण कशात जास्त मिळतात? पेपर कोण सैल हाताने तपासतो? आणि नोकरी कशाने लागते? 'हा विषय शिकलो तर पुढे मला काय वाचता येईल?' हा चौथा प्रश्न वर्षाकाठी एखादाच विचारतो.

काही वर्षांपूर्वी असा चौथा प्रश्न विचारणारी एक मुलगी त्यांच्या वर्गात होती. तिला संख्यासिद्धांत हवा होता. वडील बँकेत. ते म्हणाले, "संख्याशास्त्र घे. मूळ संख्या मोजून का कुणाचे पोट भरते?" भाषेचा माणूस म्हणून मला गंमत वाटली. संख्याशास्त्र आणि संख्यासिद्धांत, नावावरून सख्खे भाऊ. पण एकाला जावयाचा मान आणि दुसऱ्याला दाराबाहेर उभे करायचे! मुलीने वडिलांचे ऐकले. तिचे काही वाईट झाले नाही. ती आज उत्तम नोकरीत आहे. मात्र ठरावीक संख्या भरल्याखेरीज त्या विषयाचा वर्ग निघणार नव्हता, आणि नेमका एक अर्ज कमी पडला. ज्यांनी धीर करून तो विषय मागितला होता, त्यांनाही तो मिळाला नाही. आपली निवड केवळ आपली नसते, ती अशी.

वडिलांची काळजी खोटी होती असे मी म्हणणार नाही. घराचे हप्ते भरणाऱ्याला मूळ संख्यांचे कौतुक कुठून असणार? पण 'निरुपयोगी' हा शब्द गणितात जपून वापरावा. केंब्रिजचे हार्डी हे संख्यासिद्धांतातले मोठे नाव. आपला विषय व्यवहारापासून आणि युद्धापासून दूर आहे, याचे त्यांना समाधान वाटे. 1940 साली त्यांनी तसे लिहूनही ठेवले. पुढे 1977 साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी मूळ संख्यांच्याच आधाराने गुप्तलेखनाची एक पद्धत शोधली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे. पण गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकून काढणे महाकर्मकठीण. सारी मख्खी एवढीच. संगणकावरून होणारे पैशाचे व्यवहार सुरक्षित राखण्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. म्हणजे त्या बँकेतल्या गृहस्थांच्या टेबलावरही मूळ संख्या येऊन बसल्या होत्या. त्यांची ओळख तेवढी झाली नव्हती.

हार्डींचीच आणखी एक गोष्ट. केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत तेव्हा क्रमांकांचे भारी स्तोम होते. 1899 साली आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथे सीनियर रँग्लर झाले आणि महाराष्ट्राने ती पदवी त्यांच्या नावालाच जोडून टाकली. त्याच्या आदल्या वर्षी हार्डी चौथे आले होते. पण घोकंपट्टीच्या त्या तयारीला ते इतके विटले होते, की गणित सोडून इतिहास घ्यावा असे त्यांच्या मनात आले. लव्ह नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना झॉर्दां या फ्रेंच गणितज्ञाचा विश्लेषणावरचा ग्रंथ वाचायला सांगितला. गणित म्हणजे काय, हे तो वाचताना आपल्याला प्रथम कळले, असे हार्डी म्हणत. 1913 साली मद्रासहून रामानुजनांचे पत्र गेले, ते याच हार्डींना. ते इतिहासाकडे वळले असते तर? क्रमांक जाहीर करण्याची ती प्रथा 1909 नंतर बंद पडली, आणि ती मोडायला झटणाऱ्यांत हार्डीही होते.

तेव्हा निवड करावी कशी? माझ्या शेजारच्या खुर्चीचा सल्ला साधा आहे. विश्लेषण आणि रेषीय बीजगणित यांचा पाया कच्चा ठेवू नये. पुढची बहुतेक दारे त्याच किल्ल्यांनी उघडतात. विषयाच्या नावावर भाळू नये आणि नावाला भिऊही नये. अर्ज भरण्यापूर्वी ग्रंथालयातून पुस्तक आणावे, पहिले प्रकरण वाचावे, त्यातली दहा उदाहरणे स्वतः सोडवावीत. अडलेले उदाहरण जेवतानाही डोक्यात घोळत राहिले, तर तो विषय आपला. एक विषय पोटासाठी घेतला तर खुशाल घ्यावा, पण एक तरी आवडीचा घ्यावा. आणि पोटासाठी घेतलेलाच आवडू लागला, तर सोन्याहून पिवळे. संभाव्यतेच्या नादी लागून सुखी झालेली माणसेही थोडीथोडकी नाहीत.

आणि पालकहो, वसतिगृहातून मुले दिवाळीला घरी आली असतील. चकलीची बशी पुढे करताना 'किती टक्के पडतील?' हा प्रश्न या वेळी राहू द्या. 'सध्या कोणते गणित अडले आहे?' असे विचारून पाहा. उत्तर आपल्याला बहुधा कळणार नाही. पण ते सांगताना मुलाचा चेहरा उजळतो का, एवढे पाहायला गणित यावे लागत नाही.