मैला कोणाच्या दारी?

मैलापाणी शुद्ध करणारे जुने केंद्र मोडकळीस आले आणि नव्याच्या खर्चाचा आकडा समोर आला, की कोणत्याही नगरपालिकेला एक सोपी वाट सुचते. केंद्र बंद करावे, त्या जागी उदंचन केंद्र, म्हणजे पंपिंग स्टेशन, उभारावे आणि गावचा मैला नळांवाटे दूरच्या मोठ्या केंद्राकडे लोटून द्यावा. जागा थोडी लागते, माणसे कमी पुरतात, दुर्गंधीच्या तक्रारी घटतात. हिशेब बिनतोड दिसतो. परंतु पंप मैला हलवतो, शुद्ध करीत नाही. ओझे एकाच्या डोक्यावरून उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्याचा हा निर्णय आहे. म्हणूनच तो केवळ अभियंत्यांवर सोपवण्याजोगा नाही.

ही वाट नेहमीच चुकीची असते असे मात्र नव्हे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. या शहराच्या पूर्वेस वॉशिंग्टन नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या काठावर उपनगरे वाढली आणि सुमारे दहा लहान केंद्रे आपापले प्रक्रिया केलेले पाणी त्यात सोडू लागली. १९५५ साली डब्ल्यू. टी. एडमंडसन या प्राणिशास्त्रज्ञाच्या सहकाऱ्यांना तेथे असे एक शैवाल आढळले, की जे युरोपातील सरोवरे बिघडताना दिसले होते. नवल असे, की ती केंद्रे निकामी झालेली नव्हती. नेहमीची प्रक्रिया होऊनही पाण्यात स्फुरद उरत होते आणि त्यावर शैवाल पोसले जात होते. प्रत्येक गावाचा कारभार स्वतंत्रपणे पाहता निर्दोष होता. सर्वांची बेरीज मात्र सरोवराच्या मुळावर आली होती. खाजगी शहाणपणाची बेरीज सार्वजनिक हित होते, या बाजारवादी श्रद्धेला याहून स्वच्छ उत्तर क्वचितच मिळाले असेल.

उपाय सामुदायिकच असणार होता. सर्व गावांची मिळून ‘मेट्रो’ नावाची संस्था स्थापण्याचा प्रस्ताव मार्च १९५८ मध्ये मतदानास आला. शहराने तो स्वीकारला, उपनगरांनी फेटाळला. पुरस्कर्त्यांनी वटहुकमाची वाट धरली नाही. प्रस्तावातून वाहतूक व नियोजन हे विषय वगळले, हद्द आखडती घेतली आणि केवळ मैलापाण्याचा प्रश्न घेऊन ते पुन्हा लोकांपुढे गेले. सप्टेंबर १९५८ मध्ये प्रस्ताव मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात सरोवराकडे जाणारा मैला वळवण्यात आला. १९६४ साली पाऊण मीटरच्या आसपास उरलेली पाण्याची पारदर्शकता १९६८ पर्यंत सुमारे तीन मीटरांवर गेली. शास्त्र, कर देणारा नागरिक आणि सार्वजनिक संस्था एकत्र आल्या म्हणजे काय साधते, याचा हा पुरावा होय.

परंतु मैला नाहीसा झाला नव्हता. त्याचा मोठा भाग वेस्ट पॉइंट येथे १९६६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राकडे गेला आणि तेथून प्युजेट साउंड या समुद्राच्या आखातात. तेथे दुसऱ्या टप्प्याची प्रक्रिया सुरू होण्यास १९९५ साल उजाडले. कार्कीक येथील जुने केंद्रही त्याच दशकात केवळ अतिवृष्टीपुरते उरले. एरवीचे मैलापाणी पंपांनी वेस्ट पॉइंटकडे जाऊ लागले. मग ९ फेब्रुवारी २०१७ रोजी मुसळधार पावसात वेस्ट पॉइंटचा वीजपुरवठा अंशतः खंडित झाला, पंप थांबले, केंद्र पाण्याखाली गेले आणि कोट्यवधी गॅलन मैलापाणी आखातात सोडावे लागले. केंद्र पूर्ववत होण्यास काही महिने लागले. अनेक लहान केंद्रांचा भार एकावर टाकला, की त्या एकाचा अपघात साऱ्या प्रदेशाचा अपघात ठरतो.

मुंबईला हे परके वाटू नये. शहराने दीर्घकाळ पंपांवर भर दिला. शुद्धीकरण मागे राहिले आणि अपुऱ्या प्रक्रियेचा मैला समुद्राच्या व खाड्यांच्या पदरात पडला. त्याची किंमत मासेमारीवर जगणाऱ्या कोळीवाड्यांनी मोजली. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर येथील एकूण सुमारे २,४६० दशलक्ष लिटर दैनिक क्षमतेच्या सात केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. पंप आधी आणि शुद्धीकरण मागाहून, हा क्रम किती महाग पडतो हे यावरून कळावे.

या हिशेबात आणखी एक रकाना बहुधा कोराच राहतो. पंपाच्या विहिरीत चिंध्या व प्लास्टिक अडकते, विषारी वायू साठतो आणि अडथळा काढण्यासाठी माणूस उतरवला जातो. तो कोणत्या जातीचा असतो हे या देशात कोणाला सांगावे लागत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना असे उतरवणे गुन्हा ठरवले आहे. गटारात मृत्यू आल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. भरपाई मेल्यानंतरची असते. यंत्रसामग्रीची तरतूद अंदाजपत्रकात आधी दिसली पाहिजे.

तेव्हा असा प्रस्ताव आपल्या गावी आला, तर कार्यकर्त्यांनी अंध विरोधही करू नये आणि मुकाट्याने मानही डोलावू नये. ज्या केंद्राकडे मैला जाणार त्याची क्षमता वाढली आहे काय? वीज गेली तर पर्यायी व्यवस्था आहे काय, आणि पाणी तुंबले तर ते कोणत्या वस्तीत शिरेल? विहीर साफ करणारा कामगार पालिकेचा असेल की ठेकेदाराचा? ज्या गावाच्या दारी मैला जाणार, त्या गावाला मतदानाचा अधिकार मिळेल काय? या प्रश्नांची उत्तरे लेखी व जाहीर सभेत मिळाली तरच जुन्या केंद्राला टाळे लागावे. आपले अंगण स्वच्छ करून केर शेजाऱ्याच्या दारात लोटणे याला कोणी स्वच्छता म्हणत नाही. नगरपालिकेलाही वेगळा न्याय असू नये.