दाहाचा आकडा आणि हृदयाचा प्रवाह

हृदयविकार म्हटला की कोलेस्टेरॉलचे नाव निघते. पण ती अर्धीच कथा होय. रोहिणीच्या भिंतीत साठलेल्या चरबीत दाह धुमसू लागला की तो थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि हृदयाचा रक्तप्रवाह अडतो. या दाहाची खूण यकृतात तयार होणाऱ्या सी-रिॲक्टिव्ह प्रथिनावरून मिळते. हे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत आढळले. पुढे १९९७ साली पॉल रिडकर प्रभृतींनी अमेरिकेतील निरोगी पुरुष डॉक्टरांच्या पाहणीतून दाखविले की, ते जितके अधिक तितका भावी झटक्याचा धोका अधिक. लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी प्रमाण कमी धोक्याचे, तर ३ हून अधिक जास्त धोक्याचे मानतात.

परंतु अमेरिकन डॉक्टरांचा मापदंड नवेगाव बांधच्या शेतकऱ्याला जसाच्या तसा लावावा काय? धानाच्या बांधीत राबताना चिघळलेली जखम, हिवताप, सुजलेल्या हिरड्या यांनीही हा आकडा चढतो. तो १० च्या वर गेल्यास आधी संसर्ग शोधावा आणि बरे वाटल्यावर तपासणी पुन्हा करावी. अन्यथा एकाला उगाच धास्ती बसेल, तर दुसरा कमी आकडा पाहून खर्रा चघळीत निर्धास्त राहील.

म्हणून आधी रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांची चौकशी. दाहाची तपासणी त्यानंतर. छातीत कळ आल्यास रक्ताच्या अहवालासाठी थांबू नये. तत्काळ ईसीजी काढावा. ती सोय गावाजवळ अहोरात्र मिळावी, हा आग्रह ग्रामसभेने धरणे अधिक अगत्याचे आहे.