तालीम एकत्र हवी

आजारी भिक्खूची सेवा करताना तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजवले. विनयपिटकातला हा प्रसंग आपण विहारात ऐकतो. रुग्णाला सावरायला एकाहून जास्त हात लागतात, हेही त्यात आहे.

नांदेडचे शासकीय रुग्णालय असो की लातूरचे, डॉक्टर तपासतात, सिस्टर सुई देतात, समाजसेवा अधीक्षक योजनेचे कागद बघतात. पण हे तिघे शिकतात वेगवेगळे. आपला माणूस अडकतो तो त्यांच्या मधल्या फटीत. क्षयाचे औषध किमान ६ महिने घ्यायचे असते. ऊसतोडीला गेलेल्या बाईने ते कुठून घ्यायचे, हे विचारायचे कुणी?

२०१९पासून एमबीबीएसला रुग्णाशी बोलण्याचे धडे आले, पुतळ्यांवर सराव आला. चांगले झाले. आता डॉक्टरकी, नर्सिंग आणि समाजकार्य शिकणाऱ्यांनी अशी तालीम एकत्र करावी. तिथे चुकले तर जीव जात नाही. चूक कुठे झाली ते नंतर एकत्र बसून बोलता येते.

मात्र पुतळ्याला "ए, सरक तिकडे" म्हटले तरी लागत नाही. आपल्या आयाबहिणींना लागते. म्हणून वस्तीतल्या महिलांना तालमीत रुग्ण म्हणून बोलवा, मानधन द्या, गुण देताना त्यांचे मतही धरा.

महिला मंडळांनी अधिष्ठात्यांकडे हे निवेदन घेऊन जावे. तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी सोबत उभे राहावे. जयभीम!